रेल्वेवेड्यांचा रविवारचा कट्टा: गाड्या, खेळ आणि गाणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

शिवाजीनगर स्थानकाजवळ रविवारी सकाळी चहाला जमणाऱ्या आमच्या टोळक्याला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. नवीन येणारा प्रत्येक जण मात्र तेच ते प्रश्न विचारतो आणि चौघं जण त्याची चार उत्तरं देतात. म्हणून एकदाचं हे लिहून काढलं. ज्यांना पटणार नाही त्यांनी रविवारी येऊन भांडावं, त्यासाठीच तर जमतो.

तुम्ही रेल्वेवेडे ना? मग अर्धा वेळ क्रिकेट आणि गाण्यांवर का जातो?

कारण या तिन्ही गोष्टी आम्हाला आधी कानांनी लागल्या. आमच्यातल्या ज्येष्ठांच्या लहानपणी सामना रेडिओवर ऐकायचा असे. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकून ज्यांना स्लिप आणि गली कळली, ती माणसं आमच्यात आहेत. गाणी त्याच रेडिओवर. आणि गाडी तर काय, खडकी-दापोडीच्या बाजूला राहणाऱ्याला ती दिसण्याआधी ऐकूच येते. घोरपडीच्या डिझेल शेडची अल्को इंजिनं नुसती उभी असताना जो ठोका धरायची, तो ऐकून डोळे मिटून इंजिन सांगणारे लोक इथे आहेत. अशा माणसांना एकत्र बसवलं की बोलणं बोरघाटातून निघतं, गहुंजेच्या क्रिकेट स्टेडियमला थांबतं आणि किशोरकुमारवर संपतं. आम्ही ते थांबवायचा प्रयत्न करत नाही.

खेळाचा आणि रेल्वेचा खरोखर काही संबंध आहे, की ओढूनताणून जोडता?

ओढायची गरजच नाही. आपल्या पुण्यापुरतं बघा. स्वप्नील कुसाळे मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. २०१५ पासून मध्य रेल्वेच्या नोकरीत, पदक मिळेपर्यंत तिकीट तपासनीस म्हणून, आणि सराव बालेवाडीत. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून त्याने कांस्यपदक घेतलं. या प्रकारात भारताला ऑलिंपिक पदक मिळवून देणारा तो पहिलाच. त्याआधी महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणलं होतं ते १९५२ साली, हेलसिंकीहून, खाशाबा जाधवांनी. खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. कराड आपल्याच पुणे-मिरज मार्गावर आहे, हे आमच्या लोकांनी सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे सरकत नाही.

कुसाळेचा आदर्श महेंद्रसिंग धोनी, आणि धोनीही एकेकाळी खरगपूरला तिकीट तपासनीसच होता. कट्ट्यावरचा ठरलेला विनोद असा की ज्याला विनातिकीट प्रवासी समोर बघून शांत राहता येतं, त्याला शेवटच्या षटकात वीस धावा म्हणजे काहीच नाही.

रेल्वेचा स्वतःचा रणजी संघ आहे आणि तो नुसता नावाला नाही. २००१-०२ मध्ये बडोद्याला आणि २००४-०५ मध्ये पंजाबला अंतिम सामन्यात हरवून त्यांनी करंडक नेला. २०२५ च्या जानेवारीत विराट कोहली बऱ्याच वर्षांनी दिल्लीकडून रणजी खेळायला उतरला, मैदान तुडुंब भरलं, आणि रेल्वेच्या हिमांशू सांगवानने सहा धावांवर त्याचा त्रिफळा उडवला. त्या रविवारी इथे कोहलीचे भक्त आणि रेल्वेचे भक्त वेगवेगळ्या बाकांवर बसले होते. महिला क्रिकेटमध्ये तर रेल्वे म्हणजे वर्षानुवर्षं दादा संघ. मिताली राज रेल्वेचीच. कबड्डीतला पवन सेहरावतही रेल्वेचा. (पुणेरी पलटणने १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ हरवून प्रो कबड्डी जिंकली, याचा रेल्वेशी संबंध नाही. पण पुण्यात बसून ते न सांगणं बरं दिसत नाही.)

आणि एक जुनी गोष्ट, जी इथे दर हिवाळ्यात निघते. डिसेंबर १९४८, पूना क्लबचं मैदान, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ चा तेव्हाचा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या, आणि काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून दिला. पाहुणे गाशा गुंडाळून चालते झाले. हेच निंबाळकर पुढे ज्या संघांकडून खेळले त्यांत रेल्वेचाही संघ होता. काठियावाडच्या कर्णधाराबद्दल आमचं मत छापण्यासारखं नाही.

डेक्कन क्वीन घोड्यांच्या शर्यतींसाठी सुरू झाली, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. १ जून १९३० ला ती पहिल्यांदा धावली ती कल्याण आणि पुण्याच्या दरम्यान. सुरुवातीला ती रोजची गाडी नव्हती, शनिवार-रविवारची होती. मुंबईची श्रीमंत मंडळी पुण्याच्या रेसकोर्सवर यायची, त्यांची सोय हा तिचा एक मोठा हेतू. पुण्याचा शर्यतींचा हंगाम पावसाळ्यात असतो, त्यामुळे ढगात बुडालेला घाट चढून यायचं, घोड्यावर पैसे लावायचे, हरायचं आणि परत जायचं, असा तो साहेबी कार्यक्रम. आज तीच गाडी सकाळी सव्वासातला नोकरदारांना घेऊन मुंबईला निघते. दर १ जूनला पुणे स्थानकात तिचा वाढदिवस साजरा होतो, केक कापतात. मग तो साजरा करणाऱ्यांना लोक हसतात. हसोत. पुण्यात माणसांचे वाढदिवस फलकावर लावतात, त्यापेक्षा हे बरं.

डायनिंग कारबद्दल विचाराल तर चीज टोस्ट. ऑम्लेटवाल्यांचा गट वेगळा आहे आणि तो अल्पमतात आहे.

गहुंजेच्या स्टेडियमला मॅच बघायला लोकलने जाता येतं का?

येतं. लोणावळा लोकल पकडा, देहूरोड किंवा बेगडेवाडीला उतरा, पुढे रिक्षा करा किंवा चाला. परतीची लोकल आधी बघून ठेवा, कारण मुंबईसारखी दर तीन मिनिटांनी गाडी इथे नाही. पुण्याच्या माणसाला हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं, पण बहुतेक जण गाडी घेऊन एक्स्प्रेसवेला जातात आणि मॅचपेक्षा जास्त वेळ पार्किंगमध्ये काढतात.

सगळ्यात आवडतं रेल्वेगीत कोणतं?

एकमत नाही, होणारही नाही. पण मराठीचा मान गदिमांच्या ‘झुकझुक आगीनगाडी’ला, त्यावर वाद नाही. गदिमांचा ‘पंचवटी’ बंगला वाकडेवाडीला, पुणे-मुंबई रस्त्यावर. तिथून रूळ हाकेच्या अंतरावर आहेत. त्या गाण्यात गाडीचं वर्णन जेमतेम आहे. धूर आहे, पळणारी झाडं आहेत, आणि बाकी सगळा मामा. ही खिडकीत बसलेल्या मुलाची नजर आहे. इंजिनाचा वर्ग कोणता, हा प्रश्न त्या मुलाला पडत नाही. आमच्यातल्या एका कट्टर सदस्याला तो पडतो, पण त्याला लहानपण होतं की नाही याबद्दलच इतरांना शंका आहे.

दुसरं, ‘आशीर्वाद’मधलं (१९६८) अशोककुमारचं ‘रेलगाडी’. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. त्यात स्टेशनांची नावं जोडीजोडीने येतात आणि वेग वाढत जातो. ‘तळेगाव-मालेगाव’ ऐकलं की लोणावळा लोकलचा माणूस हरखतो, ‘सोलापूर-कोल्हापूर’ ऐकलं की पुणेकर समजतो की हे गाणं आपल्याच जंक्शनवरून गेलं. इथे हरकतही ठरलेली: मालेगावला रेल्वेच नाही, मनमाडला उतरावं लागतं. खरं आहे. पण यमक जुळत असेल तर रूळ नंतर टाकता येतात.

तिसऱ्या नंबरावर भांडण सुरू होतं. ‘सोलवाँ साल’चं ‘है अपना दिल तो आवारा’, लोकलच्या डब्यात देव आनंद, आवाज हेमंतकुमारांचा, माउथ ऑर्गन राहुलदेव बर्मनचा. आणि ‘दोस्त’चं (१९७४) ‘गाडी बुला रही है’. यातलं दुसरं मला स्वतःला थोडं उपदेशी वाटतं; गाडीला बघून माणसाने शहाणं व्हावं असा त्याचा आग्रह आहे, आणि आम्ही तर गाडीला बघूनच बिघडलो. पण किशोरकुमारने ते ज्या जोरात ओढलंय त्याला तोड नाही, हे मान्य.

सिनेमातल्या गाण्यात गाडी कोणती, हे तुम्ही कसं ओळखता? आणि ओळखून काय मिळतं?

मिळत काही नाही. ओळखायचं मात्र असं. आधी रुळांची रुंदी, मग इंजिन, मग डोंगर. ‘आराधना’मधलं (१९६९) ‘मेरे सपनों की रानी’ घ्या. दार्जिलिंगची रेल्वे, दोन फुटांचा गेज. इथे एक गंमत आहे जी नुसता सिनेमा बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. राजेश खन्ना जीपमधून गातोय आणि शेजारून गाडी चाललीय, हे दृश्य देशातल्या बहुतेक मार्गांवर काढताच आलं नसतं. दार्जिलिंगला रूळ हिलकार्ट रस्त्याला चिकटून जातात, मधेच रस्ता ओलांडतात, पुन्हा शेजारी येतात, आणि गाडीचा वेग इतका बेताचा की जीपला गिअर बदलायचीही घाई नाही. म्हणजे त्या प्रेमप्रकरणाचं श्रेय ज्याने मार्ग आखला त्या इंजिनिअरलाही द्यायला हवं. शर्मिला टागोर मात्र त्या गाडीत नव्हतीच. तेव्हा ती सत्यजित राय यांच्या चित्रपटात गुंतली होती, तिचे शॉट नंतर स्टुडिओत घेतले. हे कळल्यावर खिडकीतला उजेड पुन्हा नीट बघा.

‘दिल से’चं (१९९८) ‘छैंया छैंया’ निलगिरीच्या मीटर गेजवर. तिथे कल्लार ते कुन्नूर चढ बारास एक आहे, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. त्यामुळे रुळांच्या मधोमध दात्यांची पट्टी असते आणि इंजिनाचं दातेरी चाक तिला धरून चढतं. आपला बोरघाट सदतीसास एक, आणि त्यातच आपण किती मिरवतो!

‘छैंया छैंया’सारखं टपावर बसून गाता येईल का?

नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १५६. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय आपल्याकडे वर २५ हजार व्होल्टची तार आहे, ती कायद्याची वाट बघत नाही.

गाण्यांत गाडीचा जो ठेका असतो तो आता गाडीत ऐकू का येत नाही?

हा या पानावरचा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

तो ‘खडखड-खडखड’ आवाज रुळांच्या सांध्यांचा होता. आपल्याकडे ब्रॉडगेजच्या रुळाची लांबी ठरलेली, १३ मीटर. दोन रुळांच्या मध्ये थोडी फट ठेवायची, कारण उन्हात लोखंड वाढतं. प्रत्येक चाक त्या फटीवरून गेलं की एक ठोका. डब्याखाली पुढे-मागे बोगी (म्हणजे चाकांचा सांगाडा), प्रत्येकीला दोन आस, म्हणून ठोके जोडीने यायचे. ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटाला साधारण ७७ सांधे लागतात, म्हणजे आरामात गुणगुणता येईल अशी लय. घाटात गाडी मंदावली की विलंबित, तळेगावच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला की द्रुत. संगीतकाराला आयता तबलजी मिळाला होता.

पुढे रूळ वितळजोड करून एकसंध झाले. ठिकठिकाणचे सांधे गेले, झीज कमी झाली, प्रवास सुखाचा झाला, आणि आवाजही गेला. आता तो ऐकायचा तर स्थानकात शिरताना, गाडी रूळ बदलते तेव्हा. किंवा मग जुन्या गाण्यांत. ज्यांनी लहानपणी ती गाणी ऐकली आणि प्रवास मात्र आताच्या गाड्यांतून केला, त्यांना वाटतं संगीतकारांनी ते कल्पनेने घातलं. अजिबात नाही. ते रेकॉर्डिंगच समजा.

सांध्यांचा एक उपयोग होता, तो नव्या मुलांना आम्ही मुद्दाम शिकवतो. ४७ सेकंदांत जितके सांधे मोजाल तितका गाडीचा ताशी किलोमीटरमधला वेग. (१३ मीटरचं गणित करून बघा, जमतं.) आता सांधे नाहीत तर किलोमीटरच्या दगडांवर काम भागवा: एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ३६ सेकंद लागले तर शंभर, ४५ लागले तर ऐंशी.

मग नव्या गाड्यांत संगीत उरलंच नाही का?

आहे, पण वेगळं. इलेक्ट्रिक इंजिन सुटताना जो चढत जाणारा सूर येतो तो मोटारीला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेचा. ऑस्ट्रियात टॉरस नावाचं सीमेन्सचं इंजिन आहे, ते सुटताना चक्क सप्तक चढल्यासारखं वाजतं. इथे एकाने ते ऐकवलं तेव्हा शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या दोघांत राग कोणता यावर जुंपली.

वंदे भारतला वेगळं इंजिन नाही, मोटारी गाडीभर विभागलेल्या. मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकर न लावता घाट चढते. कौतुक आहेच. तिच्यावर चांगलं गाणं अजून माझ्या ऐकण्यात नाही. खिडकी उघडत नाही, दारात उभं राहता येत नाही, घाटात चिक्कीवाला चढत नाही. गीतकाराने बघायचं काय, मोबाईल?

बँकर म्हणजे काय? सारखा हा शब्द येतो.

कर्जतला गाडीच्या मागे लावतात ती जादा इंजिनं. ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलतात आणि सुटतात. गाडी थांबते तेवढ्यात बटाटेवडा घ्यायचा, ही विभागाची अलिखित नियमावली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हाच घाट सगळ्यात आधी चढून जाणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि त्याला मागून ढकलायला कोणी नसतं. आमच्यात एक जण ही शर्यत पूर्वी धावलेला आहे; बँकरची चर्चा निघाली की तो मांड्या चोळू लागतो.

इंग्रजी गाणी चालतात का?

चालतात, रेल्वेगीतांत अमेरिकेला टाळताच येत नाही. केसी जोन्स हा खराखुरा ड्रायव्हर होता. ३० एप्रिल १९०० ला मिसिसिपीतल्या वॉन इथे समोर उभ्या गाडीवर त्याची गाडी आदळली. तो ब्रेक धरून इंजिनातच थांबला आणि अपघातात तो एकटाच गेला, प्रवासी वाचले. त्यावर गाणी झाली. आपल्याकडे यावर पोवाडा झाला असता. तो जिच्या नोकरीत होता त्या इलिनॉय सेंट्रल कंपनीच्याच शिकागो-न्यू ऑर्लिन्स गाडीवर स्टीव्ह गुडमनने ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ लिहिलं, १९७२ मध्ये ते आर्लो गथ्रीच्या आवाजात गाजलं. विझत चाललेल्या गाडीचं गाणं आहे, पत्ते खेळणारे म्हातारे आहेत त्यात. सिंहगड एक्स्प्रेसच्या पासधारकांना ते लगेच कळतं.

आणि खेळाचं म्हणाल तर ह्यूस्टनचं बेसबॉल मैदान जुन्या युनियन स्टेशनाला लागून आहे. घरच्या संघाने होमरन मारली की भिंतीवरच्या रुळावर एक इंजिन धावतं. गहुंजेत षटकाराला हे करता येईल का, यावर आराखडे काढून झालेत. मँचेस्टर युनायटेडचा टी-शर्ट घालून येणाऱ्या मुलांसाठी: तुमचा क्लब १८७८ मध्ये लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कामगारांनी न्यूटन हीथला काढला. तेव्हा घोरपडी शेडची टिंगल करू नये.

गाडीत गाणाऱ्यांचं काय? ती रेल्वेगीतं नाहीत का?

माझ्या मते तीच खरी. पासधारकांची भजनं, टाळ आणि डब्याच्या पत्र्यावर धरलेला ताल. लोकलमध्ये फरशीचे दोन तुकडे बोटांत वाजवत गाणारी मुलं. त्यांच्या गाण्यात गाडीचं नावही नसतं, पण पुढच्या स्टेशनाच्या आत गाणं बसवायचं असतं. दुसरं कडवं कापायचं की मुखडा पुन्हा घ्यायचा, हे दापोडी ते कासारवाडीच्या अंतरावर ठरतं.

फोटो काढले तर चालतं का?

दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं, आणि स्वतःपुरते फोटो काढा. रेल्वे पोलिसांनी हटकलं तर वाद घालू नका. रुळांवर उतरू नका. कलम १४७ खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि आमच्यातला कोणी सोडवायला येणार नाही.

मला इंजिनांतलं ओ की ठो कळत नाही. मुलाला घेऊन आलो तर चालेल?

जरूर या. आधी मुलाला कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात नेऊन आणा. तिथे सिग्नल, उड्डाणपूल, सगळं हलतं. ते बघून मुलाने ‘पुन्हा’ म्हटलं तर रविवारी आणा. तुम्ही ‘पुन्हा’ म्हटलं तर मुलाला घरी ठेवून या.

चहाचे पैसे कोण देतं?

ज्याने सांगितलेली वेळ आणि आलेली गाडी यांत सगळ्यात जास्त फरक पडला, तो. त्यामुळे ‘डेक्कन क्वीन आज वेळेत आहे’ असं छातीठोकपणे बोलण्याआधी मोबाईलवर बघून घ्या.